ओठ टोचायचाय? आधी दातांना विचारा!

‘डॉक्टर, तुमच्याकडे ओठ टोचून मिळतो का हो?’

दवाखान्याच्या फोनवर हा प्रश्न पहिल्यांदा आला, तेव्हा आमच्या फोन घेणाऱ्या ताईंना हसू आवरेना. आता त्या हसत नाहीत. कॉलेजं सुरू झाली, लग्नसराई जवळ आली, की असा एखादा फोन ठरलेलाच. ओठ टोचायचं काम मी करत नाही. मी दातांची डॉक्टर, तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. पण टोचल्यानंतरचं जे काही असतं, म्हणजे टम्म सुजलेला ओठ, खाली सरकलेली हिरडी, टवका उडालेला दात, ते मात्र माझ्याच खुर्चीत येऊन बसतं. म्हणून म्हटलं, टोचून झाल्यावर जे सांगावं लागतं, ते एकदा आधीच सांगून टाकू या.

या खुर्चीत दोन तऱ्हेच्या मुली येतात. एक, गुपचूप टोचून आलेल्या. तोंडावर ओढणी, आणि घरी सांगितलंय ‘दात दुखतोय’. दुसऱ्या, आईने दंडाला धरून आणलेल्या. त्या आईला माझ्याकडून औषध नको असतं, मुलीला दोन खडे बोल सुनावून हवे असतात. ‘सांगा हो डॉक्टर हिला, हे काय आपल्यातलं आहे?’

आपल्यातलं आहे की नाही, हा वाद मी त्या आईशी घालत नाही. पण मैत्रिणींनो, तुमच्याशी थोडा घालते.

आजीची बुगडी आणि नातीची रिंग

टोचणं आपल्याला नवं नाही. बारशानंतर लेकराचे कान टोचायला सोनार घरी यायचा, ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण तिथूनच आली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान कसे टोचावेत यावर एक सबंध अध्याय आहे. त्यात टोचण्याची रीत तर आहेच, शिवाय फाटलेली पाळी कशी सांधावी तेही सांगितलंय. म्हणजे टोचण्याने नुकसान होऊ शकतं, हे त्या काळच्या वैद्यांनाही पक्कं ठाऊक होतं! आज मुली कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतात, तिथे आपल्या आजीची बुगडी असायची. पुरुष भिकबाळी घालायचे. आणि नथ? तिच्याशिवाय मराठी नवरी डोळ्यांपुढे येत नाही. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी नथीचा इतिहास शोधला, तेव्हा जुन्या संस्कृत साहित्यात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख त्यांना सापडला नाही. इसवी सन १००० च्या आसपासपासून पुढे तो दिसू लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नथसुद्धा कधीतरी नवीच होती.

ओठाचा दागिना तर त्याहून कितीतरी जुना. तुर्कस्तानात बोंजुक्लू तारला नावाच्या ठिकाणी सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीची दफनं सापडली. सांगाड्यांच्या कानाजवळ आणि हनुवटीजवळ दगडाचे छोटे दागिने होते. त्याविषयीचं संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटल्या. एक, हे दागिने फक्त मोठ्या माणसांजवळ होते, लहान मुलांजवळ नव्हते. आणि दुसरी, खालच्या पुढच्या दातांवर घासल्याच्या खुणा होत्या. ११ हजार वर्षं झाली, ओठातला दागिना आजही तिथेच घासतो!

तेव्हा ‘आपल्यातलं नाही’ म्हणून मुलीला अडवू नका. ते कारण तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर ते पुरेसं खरंही नाही. खरं कारण तिच्या तोंडातच आहे.

कान वेगळा, ओठ वेगळा

कानाच्या पाळीत पुढून-मागून कातडी आणि मधे थोडी चरबी, एवढाच मामला. पाळी हलत नाही, कोरडी राहते, तिच्यामागे घासायला काही नसतं. ओठाचं तसं नाही. बाहेर कातडी, आत ओलं नाजूक अस्तर, मधे स्नायू आणि रक्तवाहिन्या. बोलताना, जेवताना, हसताना तो सारखा हलतो. तोंडात जंतूंची वस्ती कायमची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओठाच्या मागे लगेच दात आणि हिरडी.

खालचा ओठ टोचतात तेव्हा बहुधा ओठाच्या कडेखाली, मधोमध किंवा एका बाजूला, आरपार भोक करतात. त्यात छोटी दांडी बसवतात. बाहेर मणी किंवा खडा, आत सपाट चकती. कुणी दोन्ही बाजूंना दोन टोचतात, कुणी पुढे रिंग घालतात. ही आतली चकती खालच्या पुढच्या दातांच्या हिरडीवर टेकते. पुढची सगळी कथा त्या चकतीचीच आहे.

टोचताना काय होतं?

चांगल्या ठिकाणी आधी तुमची चौकशी करतात, काही आजार आहे का, औषधं चालू आहेत का. मग जंतुनाशकाने चूळ भरायला लावतात, बाहेरची कातडी पुसतात, पेनाने खूण करून आरसा दाखवतात. नवी, सीलबंद, पोकळ सुई तुमच्यासमोर फोडतात. ती साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीची असते. सुई आरपार जायला काही सेकंदच लागतात. दुखतं का? हो, दुखतं. एक सणसणीत कळ येते, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग ठणका. थोडं रक्त येतं. बधिर करायचं इंजेक्शन डॉक्टरांशिवाय कुणीही द्यायचं नाही आणि तुम्हीही कुणाकडून घ्यायचं नाही.

पहिल्यांदा घातलेली दांडी मुद्दाम लांब असते. आरशात ती ओबडधोबड दिसते, मुली नाराज होतात. पण ती लांबी सुजेसाठी सोडलेली जागा असते.

माझ्याकडे आलेली एक मुलगी अजून आठवते. कुणीतरी तिच्या ओठात नाकातली चमकी घातली होती, सोन्याची आणि मागे फिरकी असलेली. तिसऱ्या दिवशी ओठ इतका सुजला, की फिरकी आतल्या मांसात रुतून बसली. दिसतच नव्हती. बधिर करून, छेद देऊन ती काढावी लागली. दागिना खऱ्या सोन्याचा होता हो, पण त्याची दांडी ओठाच्या मापाची नव्हती. नाकाची चमकी, कानातली कुडी हे सगळं आपापल्या जागी छान. ओठात ते चालत नाही.

पहिले पंधरा दिवस

सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढते, मग उतरू लागते. थोडी निळसर झाक, दुखरेपणा, कडेला पांढरट-पिवळसर स्राव वाळून खपली धरणं, हे सगळं नेहमीचं. वरवर जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, आतून पूर्ण भरायला त्याहून जास्त.

या दिवसांत बाहेरून दिवसातून दोनदा औषधाच्या दुकानात मिळणारं नॉर्मल सलाइन स्वच्छ गॉजवर घेऊन हलकेच पुसावं. आतून प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ पुरे. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण, असं नाही, उलट जखम झोंबते आणि भरायला वेळ लागतो. माउथवॉश वापरायचाच तर अल्कोहोल नसलेला घ्या. ब्रश नवा आणि मऊ हवा. हात लावण्याआधी साबणाने धुवा, आणि खरं तर हात लावूच नका. दागिना गोल फिरवायची कानाची सवय इथे उपयोगाची नाही.

आता घरोघरचा उपाय, हळद-तेल. हळदीवर माझा राग नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तेल भोकात मळ धरून ठेवतं. तेव्हा ते नको. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, त्यांनी नवी येणारी कातडी जळते.

खाण्यात गार वरण-भात, ताक, शिकरण, पेज असं मऊ काहीतरी. ठेचा, झणझणीत रस्सा, वाफाळता चहा, कडक भाकरी आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. बर्फाचा तुकडा चघळला तर बरं वाटतं. उष्टा पेला, उष्टा चमचा नको. नवराबायकोंनीही थोडा धीर धरावा, दुसऱ्याची लाळ त्या ताज्या जखमेत जायला नको. नदीत, विहिरीत पोहायला जाऊ नका. आणि मिशेरी? तंबाखूने जखम भरणं लांबतं, हिरडीही कमजोर होते. मिशेरी लावणारीने ओठ टोचणं म्हणजे आधीच खचलेल्या भिंतीत खिळा ठोकणं.

हिरवट, घाण वासाचा पू, पसरत जाणारी लाली, ताप, वाढतच चाललेला ठणका अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय. आणि पू झालाय म्हणून घरीच दागिना उपटून काढू नका. वरचं भोक मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की नाही, ते डॉक्टरांना ठरवू दे.

सूज उतरल्यावर, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, परत जाऊन लांब दांडी बदलून आखूड घालायची असते. हे कुणी फारसं सांगत नाही, आणि आपल्यासारख्या गावातल्या मुलींची गाडी इथेच अडते. टोचायला पुण्याला नाहीतर कोल्हापूरला एकदा जाऊन आलेलं असतं, घरी काहीतरी थाप मारून. दुसऱ्यांदा कोण सोडणार? एसटीचं भाडं कोण देणार? मग ती लांब दांडी महिनोन्महिने तशीच राहते, दातांवर आपटत, हिरडीवर घासत.

न दुखणारं नुकसान

मैत्रिणींनो, जखम भरली म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते खरी काळजी तिथून सुरू होते.

एक मुलगी माझ्याकडे आली ती थंड पाणी दातांना लागतं म्हणून. ओठ टोचून दोन वर्षं झालेली. ओठाची काही म्हणता काही तक्रार नव्हती, ना सूज, ना पू. ती अगदी खुशीत होती. मी खालचा ओठ ओढून पाहिला, तर मधल्या एका दाताची हिरडी चांगली खाली सरकलेली, मूळ उघडं पडलेलं. बरोबर चकतीसमोर. तिला विचारलं, दागिन्याशी चाळा करतेस का? ती हसली. अभ्यास करताना, टीव्ही बघताना जीभ सारखी तिथेच. दागिना काढला, दात साफ केले, घासण्याची पद्धत शिकवली. हिरडी आणखी खाली जायची थांबली. पण गेलेली परत आली नाही. ती आपोआप येतच नाही. फार झालं तर टाळूचा तुकडा काढून तिथे लावण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

ही एकटीची गोष्ट नव्हे. ओठ आणि जीभ टोचलेल्यांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ओठ टोचलेल्यांपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांत हिरडी सरकलेली आढळली, आणि साधारण चौघांमागे एकाच्या दातांना इजा झालेली दिसली. अमेरिकेतली दंतवैद्यांची संघटनाही तोंडात टोचून घेऊ नका, असाच सल्ला देते. याचा अर्थ प्रत्येकीचं असंच होईल असा नाही. पण हे नुकसान दुखत नाही, हळूहळू होतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कानाचं भोक नको झालं तर बुजतं. ओठाचं भोकही बुजतं, बारीकसा व्रण राहतो. हिरडीचं तसं नाही.

यांनी तर नकोच

मधुमेह ताब्यात नसेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, रक्त लवकर थांबत नसेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, दिवस गेलेले असतील, तर हा विचार सोडून द्या. ज्यांना जखमेच्या जागी फुगीर व्रण उठतात, दातांना तारा लावल्या आहेत, हिरड्यांतून रक्त येतं, त्यांनीही. खोट्या दागिन्याने कान चिघळत असतील तर तुम्हाला निकेल सोसत नसावं. मग स्वस्त स्टीलही सोसणार नाही. आणि १८ वर्षांच्या आत अजिबात नको.

ठरलंच असेल तर

सगळं ऐकूनही एखादी म्हणते, ‘मला करायचंच आहे.’ ती सज्ञान असेल, तर तो तिचा ओठ आहे आणि निर्णयही तिचाच. मग माझं काम तिला अडवणं नाही, तिला शहाणं करून पाठवणं आहे.

आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. हिरडी पातळ आहे का, दात पुढे आहेत का, हे पाच मिनिटांत कळतं. कावीळ ‘ब’ची लस झाली आहे का ते तपासा. नसेल तर तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, तेवढं थांबा. धनुर्वाताचं इंजेक्शनही बघून घ्या. कावीळ ‘ब’, ‘क’ आणि एचआयव्ही हे तिन्ही वापरलेल्या सुईतून येऊ शकतात, आणि ‘क’वर तर लसच नाही. म्हणून जत्रेतला गोंदणवाला, पार्लरमधली हौशी मैत्रीण, घरची सुई हे सगळं वर्ज्य. कान टोचायची बंदूक ओठासाठी नाहीच.

ज्या ठिकाणी जाल तिथे बेधडक विचारा. सुई नवी आहे ना, माझ्यासमोर फोडाल ना? अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करता का? हातमोजे बदलता का? दागिना शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमचा आहे का? दांडी आखूड करायला कधी येऊ? या प्रश्नांना कुणी वैतागलं, तर चप्पल घाला आणि निघा. ओठाच्या वरच्या कडेतून उभा टोचायचा एक प्रकार असतो, त्यात चकती हिरडीवर टेकत नाही. धोका जात नाही, पण कमी होतो, म्हणून तोही विचारून बघा. पुढे एमआरआय किंवा शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर दागिना काढावा लागतो, आणि टोचल्यानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि नुसती एका समारंभापुरती हौस असेल, तर न टोचता ओठाला चिमटून बसणाऱ्या रिंगा मिळतात. जेवताना आणि झोपताना तेवढ्या काढून ठेवा.

आयांनो, तुमच्यासाठी एकच. घरात या विषयावर बोलायची सोय राहिली, तर मुलगी सुई कुठली, दांडी केवढी हे तुमच्याशी बोलेल. ‘टोचलास तर घरात पाऊल ठेवू नकोस’ असं ऐकलेली मुलगी टोचत नाही असं नाही, ती सुजलेला ओठ ओढणीखाली झाकून पाच दिवस काढते आणि पू झाल्यावर माझ्याकडे येते. तुमचा नकार तिला स्पष्ट सांगा, कारणासकट सांगा. पण टोचून आलीच, तर आधी सूज बघा, ओरडणं नंतर.

ज्यांनी आधीच टोचलंय, त्यांनी महिन्यातून एकदा एवढं करा. उजेडात आरशासमोर उभं राहून खालचा ओठ ओढा आणि पुढचे दात एकमेकांशी ताडून बघा. चकतीसमोरचा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसायला लागला, तिथली हिरडी लाल किंवा खाली गेलेली वाटली, थंड पाणी लागू लागलं, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. दागिना त्याच दिवशी काढा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवा. तेवढ्याने दात वाचतो.